सूज उतरते ती कुणामुळे?

पायात बाभळीचा काटा मोडला तर पुढे काय होतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. थोड्या वेळात जागा लाल होते, हात लावला तर गरम लागते, ठणकायला लागते आणि संध्याकाळपर्यंत टम्म फुगते. लाली, सूज, ऊब, वेदना. ही चार लक्षणं रोमच्या सेल्ससनं पहिल्या शतकात लिहून ठेवली आणि वैद्यकाचे विद्यार्थी आजही तीच पाठ करतात. पुढचा भाग मात्र कुणी पाठ करत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका ओसरतो, लाली फिकट होते आणि आठवड्याभरात नेमकं कुठं लागलं होतं तेही आठवत नाही. सूज उतरली, असं म्हणून आपण कामाला लागतो.

उतरली म्हणजे नेमकं काय झालं? तिथं साचलेलं पाणी कुठं गेलं? रक्तातून धावत आलेल्या लाखो पेशींचं काय झालं? आणि आता पुरे, हे त्यांना कुणी सांगितलं?

गंमत अशी की विज्ञानानंही हा प्रश्न फार उशिरा विचारला. सूज चढते कशी, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. उतरते ती आपोआप, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. काटा निघाला, जंतू मेले, की चेतवणारं काही उरत नाही आणि प्रकरण हळूहळू थंड होतं. ऐकायला हे इतकं पटण्यासारखं आहे की तपासून पाहावं असं कुणाला वाटलं नाही. अमेरिकेतल्या बोस्टनच्या चार्ल्स सेरहान या शास्त्रज्ञानं आयुष्यातली चार दशकं या ‘आपोआप’च्या मागं घालवली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: सूज उतरत नाही, ती उतरवावी लागते, आणि त्यासाठी शरीर वेगळे रेणू खास तयार करतं. लग्न लागलं म्हणून मांडव आपोआप उतरत नाही. त्यासाठी वेगळी माणसं यावी लागतात, आणि ती आली नाहीत तर मांडव महिनाभर तसाच राहतो.

पण उतरणं समजण्याआधी चढणं जरा जवळून पाहायला हवं. ते पहिल्यांदा नीट दिसलं ते बर्लिनमध्ये, एका बेडकाच्या पोटात.

१८६७ साल. युलियस कोनहाइम हा तरुण डॉक्टर रुडॉल्फ फिरशो या दिग्गजाच्या हाताखाली काम केलेला. सुजलेल्या जागी जो पू होतो, त्यातल्या पेशी तिथल्या तिथंच, स्थानिक ऊतींमधून जन्मतात, असं फिरशोचं मत होतं, आणि त्या काळी फिरशोचं मत म्हणजे जवळजवळ कायदाच. कोनहाइमनं बेडकाला क्युरारे टोचून निश्चल केलं आणि आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा हळूच बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. हा पडदा इतका पारदर्शक असतो की त्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त वाहताना सरळ दिसतं. पडद्याला काही टोचायचीही गरज नव्हती, उघड्या हवेचा त्रासच पुरेसा होता. आधी रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि रक्त जोरात वाहू लागलं. मग प्रवाह मंदावला. मधोमध वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी कडेला सरकल्या आणि वाहिनीच्या भिंतीला आतून चिकटून बसल्या. आणि मग, तासन्‌तास डोळा न हलवणाऱ्यालाच दिसावी अशी गोष्ट घडली. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीकसा उंचवटा आला. तो वाढत गेला, त्याला देठ फुटल्यासारखा आकार आला, देठ बारीक होत होत तुटला, आणि जी पेशी मघाशी आत होती ती बाहेर होती. भिंत फुटली नव्हती, रक्त सांडलं नव्हतं. पेशी भिंतीतून आरपार आली होती.

कोनहाइमनं आणखी एक पुरावा गोळा केला. त्यानं बेडकाच्या शरीरात निळा रंग सोडला. तो पांढऱ्या पेशींनी गिळला. मग बेडकाच्या डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा केली, तेव्हा तिथं निळे ठिपके घेतलेल्या पेशी जमल्या. म्हणजे पुवातल्या पेशी रक्तातून आलेल्या असतात. गुरू चुकला होता आणि शिष्यानं ते गुरूच्याच नियतकालिकात छापलं. त्या काळातल्या जर्मन विद्यापीठांचं हे मला फार आवडतं.

या पेशी तिथं येऊन करतात काय, हे सांगितलं इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं. १८८२ मध्ये तो सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली होती. एकटा मागं राहिलेला मेचनिकोव्ह तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या पाहत बसला होता. त्यात फिरणाऱ्या पेशी बाहेरची वस्तू घुसली तर तिच्याकडे धावतील का, असं त्याच्या मनात आलं. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यानं अळ्यांच्या कातडीखाली टोचले आणि रात्र तळमळत काढली. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. अळीला रक्तवाहिन्या नसतात, तरीही पेशी आल्या होत्या. गिळणाऱ्या पेशींच्या या सिद्धांतासाठी त्याला १९०८ मध्ये पाउल एअरलिखसोबत नोबेल मिळालं. ओडेसात याच मेचनिकोव्हच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन पुढं मुंबईत आला, आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतः बनवलेली प्लेगची लस त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे, त्यानं सुजेचा हा धडा असा स्वतःच्या अंगावर घेतला.

काट्याकडे पहिल्यांदा धावतात त्या पेशींना आज न्यूट्रोफिल म्हणतात. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त याच. आपल्या हाडांमधला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. काहीही झालेलं नसताना, नुसतं खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसातही, रोज दहा हजार कोटी. यातल्या बहुतेक पेशी रक्तात काही तास फिरून कुठंही कामी न येता संपतात.

ज्या कामी येतात त्यांचं काम भयंकर असतं. वाहिनीच्या भिंतीवर घरंगळत, मग चिकटत, मग दोन पेशींच्या फटीतून अंग चिंचोळं करून त्या बाहेर पडतात. जंतू गिळतात. पोटातल्या पुड्या फोडून प्रथिनं चिरणारी विकरं सोडतात. मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साध्या मिठातलं क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या पाण्यात जे द्रव्य असतं, तेच. हे विकर रंगानं हिरवं असतं, म्हणून जुन्या सर्दीतला शेंबूड आणि पू हिरवट दिसतो. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना याहून विचित्र गोष्ट सापडली. काही न्यूट्रोफिल स्वतःच्या केंद्रकातला डीएनए उसवून त्याचं जाळं बाहेर फेकतात आणि त्यात जंतूंना अडकवतात. आपली जनुकं लिहिलेला धागा, आणि त्याचा असा उपयोग!

शाळेच्या पुस्तकात या पेशींना सैनिक म्हटलेलं असतं. ते मला खटकतं, कारण सैनिक निदान शत्रू ओळखून गोळी झाडतो. ब्लीच आणि विकरं ओळखपाळख बघत नाहीत. ती जंतूही जाळतात आणि शेजारची निरोगी पेशीही. शिवाय सैनिक घरी परततो. झेब्रामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये काही न्यूट्रोफिल परत रक्तात जाताना दिसले आहेत हे खरं, पण बहुतेक जण आले तिथंच मरतात. आता विचार करा, अशा लाखो पेशी, प्रत्येकीच्या पोटात विषारी पुड्या, मरून कातडीखाली पडलेल्या आहेत. त्या तशाच फुटल्या तर नवी जखम होईल, नवी जखम नवे न्यूट्रोफिल बोलावील, ते मरतील, फुटतील. हिशेबानं पाहिलं तर काट्याची सूज कधी संपायलाच नको. ती संपते हेच नवल आहे.

आता सेरहानकडे येऊ. पण त्याआधी अ‍ॅस्पिरिनकडे, कारण वाट तिथूनच जाते.

ही गोळी १८९९ पासून बाजारात होती. ती काम कसं करते हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात अराकिडोनिक आम्ल नावाचं वीस कार्बनचं स्निग्धाम्ल असतं. पेशीला इजा झाली की ते सुटतं आणि विकरं त्यापासून झटपट संदेशाचे रेणू घडवतात. प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेच्या नसा हळव्या करतात. ल्युकोट्राइन न्यूट्रोफिलांना हाक मारतात. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन घडवणाऱ्या विकराला कायमचं जखडून टाकते, म्हणून ठणका थांबतो. या सगळ्या कामासाठी १९८२ चं नोबेल व्हेन आणि स्टॉकहोमच्या सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांना मिळालं.

याच सॅम्युएलसनच्या प्रयोगशाळेत, कॅरोलिन्स्का संस्थेत, न्यूयॉर्कहून पीएचडी झालेला सेरहान दाखल झाला. १९८४ मध्ये त्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींतून रेणूंचा एक नवाच गट वेगळा काढला. तोही अराकिडोनिक आम्लापासूनच बनलेला, घडण ल्युकोट्राइनच्या जवळची. त्याला लिपॉक्सिन नाव दिलं. सगळ्यांची अपेक्षा अशी की हाही सूज वाढवणाराच निघणार, त्या कुळातले सगळे तसेच होते. निघाला उलटा. लिपॉक्सिन न्यूट्रोफिलांना थांबवत होता. आणखी एक चमत्कार पुढं उघडकीला आला. लिपॉक्सिन सहसा एकट्या पेशीला बनवता येत नाही. न्यूट्रोफिल अर्धवट घडवलेला रेणू बाहेर सोडतो आणि शेजारची रक्तातली बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तो पुरा करते. दोन वेगळ्या जातीच्या पेशी एकमेकींना खेटून गोळा झाल्याशिवाय तो तयारच होत नाही, आणि त्या गोळा होतात ते सूज ऐन भरात असतानाच. म्हणजे गर्दी जमली तरच गर्दी पांगवणारा निरोप लिहिला जातो.

बोस्टनला, हार्वर्डशी जोडलेल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात प्रयोगशाळा थाटल्यावर सेरहाननं प्रश्न घड्याळ लावून विचारायला सुरुवात केली. उंदराच्या पाठीच्या कातडीखाली थोडी निर्जंतुक हवा भरायची की एक छोटी पिशवी तयार होते. त्या पिशवीत सूज आणणारं द्रव्य टोचायचं आणि मग ठरावीक वेळानं आतला पाण्यासारखा स्राव काढून त्यात कोणत्या पेशी किती आणि कोणते रेणू किती, याची नोंद करायची. साधा प्रयोग. पण आधीच्या लोकांनी बहुधा सूज शिगेला पोचेपर्यंतच मोजली होती. इथं मोजणं शिगेनंतरही चालू राहिलं.

२००१ मध्ये जे छापून आलं ते असं होतं. आधी ल्युकोट्राइन वाढतात, न्यूट्रोफिल लोंढ्यानं येतात. त्याच सुमारास प्रोस्टाग्लँडिन वाढतात. सूज शिगेला जाते. मग तेच प्रोस्टाग्लँडिन, ज्यांना आपण वेदनेचे खलनायक समजतो, न्यूट्रोफिलच्या आतलं एक वेगळंच जनुक जागं करतात. त्यातून नवं विकर तयार होतं आणि न्यूट्रोफिल ल्युकोट्राइन बनवायचं सोडून लिपॉक्सिन बनवायला लागतो. कच्चा माल तोच, पेशी तीच, माल उलटा. लिपॉक्सिन वाढले की नव्या न्यूट्रोफिलांची आवक बंद. सुजेच्या पहिल्या तासातच तिच्या शेवटाची तजवीज झालेली असते. ज्याच्या हातून ती पेटली, त्याच्याच हातून ती थांबवायचा हुकूम सुटतो, फक्त थोड्या उशिरानं. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं वाचलंच नाही.

पुढच्या काळात यादी वाढत गेली. मासळीच्या तेलात असतात त्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून शरीर आणखी काही रेणू घडवतं, असं २००० आणि २००२ मधल्या निबंधांतून पुढं आलं. त्यांना रिझॉल्व्हिन हे नाव मिळालं. मग प्रोटेक्टिन आले, मारेसिन आले. प्रयोगशाळेत हे रेणू अगदी नगण्य मात्रेत काम करतात, आणि त्यांच्या आकारातला एखादा मणका उलट्या बाजूला वळला तरी गुण जातो.

सूज ‘दाबणारं’ औषध आणि हे रेणू यांत फरक आहे, आणि तो नीट धरायला हवा. स्टेरॉइडसारखी औषधं सगळ्याच प्रतिकाराला खीळ घालतात, जंतू मोकाट असले तरी. रिझॉल्व्हिन नव्या न्यूट्रोफिलांना अडवतात, पण त्याच वेळी मागून येणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या गिळणाऱ्या पेशींची भूक वाढवतात. २०१२ मध्ये सेरहानच्या गटानं दाखवलं की जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना हे रेणू दिले तर कमी प्रतिजैविक पुरतं.

मॅक्रोफेजची भूक हा या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. मघाशी मी म्हटलं की मेलेले न्यूट्रोफिल फुटले तर अनर्थ होईल. ते फुटत नाहीत, कारण ते सहसा ठरवून मरतात. पेशी आतून शिस्तीत आवरते, केंद्रकाचे तुकडे होतात, पण बाहेरचं आवरण शाबूत राहतं आणि विष आत राहतं. अशा नियोजित पेशीमृत्यूचं वर्णन १९७२ मध्ये स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या तिघांनी केलं होतं. मरू घातलेली पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या थरातला फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध रेणू बाहेरच्या थरात आणून दाखवते. मॅक्रोफेजसाठी ती खूण असते: मला गिळ. १९८९ मध्ये जॉन सॅव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॅक्रोफेज म्हातारे झालेले न्यूट्रोफिल ओळखून अख्खेच्या अख्खे गिळतात, सांडलवंड न करता.

आणि गिळल्यावर मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतो. जंतू गिळलेला मॅक्रोफेज आरडाओरडा करतो, सूज वाढवणारी प्रथिनं सोडतो. शिस्तीत मेलेला न्यूट्रोफिल गिळलेला मॅक्रोफेज उलट शांत होतो आणि ऊती भरून आणणारी द्रव्यं सोडू लागतो. हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. एकच पेशी, फक्त काय खाल्लं त्यावरून तिनं ठरवलं की प्रसंग कोणता आहे. कोट्यवधी मढ्यांचा हा ढीगच बरं होण्याचा निरोप ठरतो.

इथं २०१९ चा एक शोध सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी तो सेरहानचा नसला तरी. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधकांनी जिवंत उंदराच्या ऊतींमधली एकच पेशी लेझरनं जाळली आणि पुढं काय होतं याचं चित्रण केलं. शेजारी वस्तीला असलेले मॅक्रोफेज आपल्या लांब बोटांसारख्या शाखा पसरून त्या जळक्या पेशीकडे वळले आणि काही मिनिटांत त्यांनी तिला चहूबाजूंनी झाकून टाकलं. न्यूट्रोफिलांना पत्ताच लागला नाही, कुणी आलं नाही, सूज आली नाही. हेच मॅक्रोफेज आधी काढून टाकले, तर त्याच एका पेशीसाठी न्यूट्रोफिलांचा जथा तुटून पडला आणि आजूबाजूचं सगळं उद्ध्वस्त करून गेला. चालता-बोलता, नुसतं उठता-बसता आपल्या शरीरात अशा एकेकट्या पेशी फाटत असणार. त्या प्रत्येकीसाठी सूज आली असती तर आपल्याला जिना चढणं परवडलं नसतं.

आता व्यवहाराचा प्रश्न. सूज उतरवणं हे जर वेगळं काम असेल, तर सूज दाबायच्या नादात आपण ते कामच बंद पाडत नाही ना?

ही शंका पहिल्यांदा ठोसपणे मांडली ती लंडनच्या डेरेक गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी, १९९९ मध्ये. उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांत, म्हणजे रॅटमध्ये, त्यांनी फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत सूज आणली. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-२ हे विकर पहिल्या काही तासांत वाढलं, हे अपेक्षितच. पण ते ४८ तासांनी पुन्हा वाढलं, आणि आधीपेक्षा जास्त, सूज उतरत असताना. औषधानं ते विकर सुरुवातीला रोखलं तर सूज कमी झाली. शेवटी रोखलं तर उतरायची सूज रेंगाळली. गोळी तीच, फक्त घेण्याची वेळ वेगळी.

अ‍ॅस्पिरिनचं मात्र इथंही वेगळंच काही निघालं. १९९५ मध्ये सेरहान आणि जोआन क्लारिया यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन लागलेलं कॉक्स-२ पूर्ण बंद पडत नाही. ते प्रोस्टाग्लँडिन सोडून दुसराच एक रेणू बनवू लागतं, आणि शेजारचा न्यूट्रोफिल त्यापासून लिपॉक्सिनचा एक भाऊ तयार करतो. म्हणजे ही एक गोळी शतकभर नुसती दाबत नव्हती, उतरवतही होती, आणि ते तिच्या निर्मात्यांना ठाऊक नव्हतं.

माणसांतला सगळ्यांत चर्चेचा पुरावा २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून आला. कंबरदुखी नुकती सुरू झालेल्या ९८ जणांचं रक्त सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तपासलं. ज्यांचं दुखणं गेलं, त्यांच्या न्यूट्रोफिलांनी सुरुवातीला जोरात हालचाल केलेली होती. ज्यांचं टिकलं, त्यांच्या रक्तात तसं काही घडलंच नव्हतं. मग त्यांनी उंदरांत पाहिलं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं की वेदना त्या वेळी कमी झाली, पण दिवसांच्या हिशेबात फार लांबली. यावरून घरातली पेनकिलर फेकून द्यायला कुणी निघू नये. औषध घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांत माणसं वाटून केलेली ही चाचणी नव्हती, आणि डॉक्टरनं दिलेली गोळी अशा लेखांवरून थांबवायची नसते. उलट बाजूही आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं सुमारे एकतृतीयांशानं कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना फायदा झाला नाही. तिथंही प्रश्न वेळेचाच होता. उधळलेली सूज दाबणं जीव वाचवतं, आणि आपलं काम सुरळीत करणारी सूज दाबून काही हाती लागत नाही.

राहिला मासळीचा मुद्दा, कारण आपल्याकडे ओमेगा-३ म्हटलं की लगेच कॅप्सूल डोळ्यांसमोर येते. बांगडा आणि तारली यांत ईपीए आणि डीएचए थेट मिळतात. जवसात मात्र त्यांचा पूर्वज असतो, आणि तो पूर्वज ईपीएपर्यंत नेण्याची आपल्या शरीराची ताकद बेताची, डीएचएपर्यंत नेण्याची तर फारच कमी. जवसाची चटणी चवीसाठी खावी हे उत्तम. आणि कॅप्सूल? अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदयविकार, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना एकत्रितपणे लक्षणीय कमी झाल्या नाहीत. कच्चा माल वाढवला म्हणजे पक्का माल योग्य जागी, योग्य तासाला वाढतोच असं नाही.

रिझॉल्व्हिनवरच प्रश्नचिन्ह लावणारेही आहेत, आणि ते ऐरेगैरे नाहीत. अनेक जाणत्या प्रयोगशाळांचं म्हणणं असं की माणसाच्या रक्तात हे रेणू सापडल्याचे जे दावे छापले गेले, त्यांतल्या कित्येकांत मात्रा इतकी सूक्ष्म आहे की उपकरणाची खरखर आणि खरा संकेत वेगळा करता येत नाही. सेरहानच्या बाजूला हे मान्य नाही. माझा कल विचाराल तर असा: एखाद्या रेणूचं नाव यादीतून गळेल किंवा त्याचं महत्त्व कमी होईल, पण सूज उतरणं हे स्वतंत्र काम आहे ही कल्पना आता एकट्या रिझॉल्व्हिनच्या खांद्यावर उभी नाही. मॅक्रोफेजांचं गिळणं, ४८ तासांनी पुन्हा वाढणारं विकर, झाकून टाकलेली जळकी पेशी, हे सगळे पुरावे वेगवेगळ्या वाटांनी तिथंच येतात.

आणि अलीकडची एक वाट तर माणसाच्या हातावरूनच येते. गिलरॉयच्या गटानं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्वयंसेवकांच्या मनगटाच्या वरच्या भागात, कातडीत, अतिनील किरणांनी मारलेले ई. कोलाय जंतू टोचले. जागा लाल झाली, सुजली. मग त्या जागेवर हलकं शोषण लावून फोड आणला आणि फोडातलं पाणी काढून आतल्या पेशी मोजल्या. एका गटात तरुण होते, दुसऱ्यात पासष्टी ओलांडलेले. सूज चढण्यात दोघांत फरक दिसला नाही. न्यूट्रोफिल तसेच आले, तितकेच आले. फरक उतरताना दिसला. ज्येष्ठांच्या फोडात मेलेले न्यूट्रोफिल तसेच पडून होते. त्यांच्या मॅक्रोफेजांवर ‘मला गिळ’ ही खूण ओळखणारं टिम-४ नावाचं प्रथिन कमी पडत होतं, आणि ते कमी पडण्यामागं पेशीतलं पी-३८ नावाचं अतिउत्साही विकर होतं. म्हातारपणी जखमेची लाली रेंगाळते, सांधे धुमसत राहतात, याचं एक कारण असं पेशीच्या पातळीवर दिसलं. आजवर आपण समजत होतो की वय झालं की प्रतिकार ‘कमी’ होतो. इथं कमी झाली होती ती प्रतिकार आवरण्याची ताकद.

मग त्यांनी ज्येष्ठांना काही दिवस लॉस्मापिमॉड हे पी-३८ ला रोखणारं औषध दिलं आणि प्रयोग पुन्हा केला. टिम-४ परत आलं, मॅक्रोफेज पुन्हा गिळू लागले, सूज तरुणांच्या वेगानं उतरली. २०२० मध्ये हे ‘नेचर इम्युनॉलॉजी’त छापून आलं. लॉस्मापिमॉड हे औषध आधी हृदयविकाराच्या झटक्यानंतर देऊन पाहिलं होतं आणि २०१६ च्या मोठ्या चाचणीत ते नापास झालं होतं. कपाटात पडलेलं ते औषध दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघालं, निदान हातावरच्या एका फोडापुरतं. त्याच औषधानं लंडनच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पाहिली होती. ज्येष्ठांच्या कातडीतली अनावश्यक सूज आधी कमी केली, तर कांजिण्यांच्या विषाणूला त्यांच्या कातडीनं दिलेला प्रतिसाद अधिक चांगला झाला. लहानपणी झालेल्या कांजिण्यांची आठवण शाबूत होती, तिच्या आड सूज येत होती.